तुलनेचं गाव

बंगळूरहून आलेल्या नकाशात
वेंगुर्ला रस्त्याच्या अलीकडे हिरवा रंग, पलीकडे करडा.
हिरवं ते योजनेचं गाव,
करडं ते तुलनेचं.
मधे कल्लाप्पा सुतगट्टीचं पंक्चरचं दुकान,
ते रंगवायचं राहून गेलं होतं.

माझं काम साधं.
दोन्हीकडची तीन ते पाच वर्षांची पोरं काट्यावर घ्यायची.
हिरव्या गावात दीड वर्ष
आठवड्याला चार अंडी अंगणवाडीतून घरपोच,
करड्यात नाहीत.
बाकी माती तीच, नाचणा तोच, बोली तीच,
पालखीसुद्धा एकच, एक वर्ष इकडे मुक्काम, एक वर्ष तिकडे.
म्हणजे वजनात जो फरक उरेल
तो अंड्याचा.
प्रशिक्षणात सरांनी फळ्यावर लिहिलं होतं,
'हे झालं नसतं, तर काय झालं असतं?'
आणि खाली दोन रेघा मारल्या होत्या,
दुसरी मारताना खडू मोडला.

प्रश्नावली कन्नड, उत्तरं मराठी, संगणक इंग्रजी.
'आहारात गुणात्मक सुधारणा जाणवते का?'
मी विचारायचो, पोरगं नीट जेवतंय काय हो?
गुणात्मक तिथंच उंबऱ्यात राहायचं,
चपलांशेजारी.

घर क्रमांक एकेचाळीस. भारता हुंदरे.
पोराचं वजन बारा किलो सहाशे.
चारी अंडी हाच खातो?
ती शेंगा फोडत राहिली.
मग म्हणाली, तू सरकारचा काय?
नाही, कंपनीचा.
'मग लिवू नको. दोन ह्यो खातोय,
दोन पारूच्या हर्षूला.
पारू माझी पाठची, पल्याड दिलीया.
तिकडं मिळत न्हाईत न्हवं.
कोंड्यात घालून डब्यातनं धाडतो मी,
एक बी फुटत न्हाई.'

सेहेचाळीसचा जावई पल्याडचा.
त्रेपन्नची सून पल्याडून आलेली, तिची आई तिकडेच,
आणि भाऊ, आणि भावाची जुळी.
मी वहीच्या मागल्या पानावर
पेन्सिलीनं खुणा करत गेलो.
एकशे बारा घरांत एकोणसाठ खुणा.

करड्या गावात हर्षूला काट्यावर उभं केलं.
लाल आकडे पेटले तसा तो हसला,
पाय हलला, आकडे हलले.
अकरा नऊशे.
पारूनं विचारलं, वाढलाय काय?
वाढलाय, म्हटलं.
पोषणाचा स्रोत, या प्रश्नाला सात पर्याय होते.
मावशी नव्हती.

सरांना फोन केला.
'अरे, याला गळती म्हणतात. बरं सांगितलंस, तळटीप टाकू.'
टाकली. नऊ नंबरची.
मंत्रालयात गेला तो कन्नड सारांश,
त्यात तळटिपा नव्हत्या.
फरक एकशे दहा ग्रॅम. नगण्य.
योजना पुनर्विचारार्थ.

खोटं कशाला बोलू,
मलाही ठाम सांगता येत नाही.
काटा दोनदा पडला होता माझ्या हातून.
श्रावणात निम्म्या घरांनी अंडी घेतलीच नव्हती,
थंडीत पोरांचे स्वेटर काढायला आया तयार नव्हत्या,
आणि अंगणवाडीच्या रेणुकाताई हिशेबाची वही देताना
एक पान अंगठ्याखाली धरून होत्या.
कदाचित अंड्यानं काहीच झालं नसेल.
कदाचित दोन्ही गावं मिळून थोडी थोडी वाढली असतील,
अशी की एकमेकांशी मापली तर
वाढ दिसूच नये.

मार्गशीर्षात दुसऱ्याच सर्वेक्षणासाठी त्या वाटेनं गेलो.
रस्त्यांचा दर्जा, समाधानी, असमाधानी, सांगता येत नाही.
भारताबाई दारातच होत्या.
'अंडी बंद झाली बघ. तुझ्या लिवण्यानं काय?'
मी पाणी मागितलं.
त्यांनी आणलं. मग खिडकीतला डबा काढला,
तोच, कोंड्याचा,
पारूकडून परत आलेला.
भांडं रिकामं धाडू नये म्हणून
त्यात पल्याडच्या काजूबिया, भाजलेल्या,
दीड वर्ष, दर खेपेला.
चार माझ्या हातावर ठेवल्या
आणि माझ्या वहीकडं बघत म्हणाल्या,
'ह्ये बी लिवूलास काय?'