दुसरं पोर्ट

निपाणीत, एसटी स्टँडाच्या मागं,
दस्तगीरमामूच्या पार्लरात तीन मशिनं होती.
पाटी दोन लिप्यांत. त्यातल्या एकीवर डांबर,
कुठल्या, ते त्या त्या वर्षावर.

दोन मशिनं मारामारीची. कोपऱ्यातलं टेनिसचं.
डाव्या हाताला दांडा,
त्याचा लाल गोळा घामानं पांढुरका पडलेला.
उजवीकडं बटणं दोन:
एक सरळ फटक्याला, एक उंच उडवायला.
तेवढ्यावर अख्खा खेळ.

मुलींना आत सोडत नव्हते.
म्हणजे अडवत कुणी नव्हतं,
फक्त सगळे एकदम वळून बघायचे.
मी भूपालदादाचा डबा घेऊन दारात.
पडद्याच्या फटीतनं चेंडू दिसायचा नाही,
हात दिसायचे.
हातांवरूनच शिकले.
सर्व्हिसला बटण दोनदा:
एकदा चेंडू वर,
एकदा चेंडूवर.
आतनं बसलिंग ओरडायचा, होडी! होडी!
कन्नडात ते 'मार'.
मला किती दिवस वाटायचं
आत कुठंतरी पाणी आहे.

मग मशीन इचलकरंजीला विकलं गेलं.
दादानं बेळगावातनं, खडेबाजारातनं,
टीव्हीला जोडायचा डबा आणला.
त्यात तोच खेळ.
तोच म्हणजे तसाच नव्हे.
लाल माती गेली, सगळी कोर्टं हिरवी.
प्रेक्षक होते तिथं ठिपक्यांच्या ओळी.
पंच आधी बोलायचा म्हणे,
आता नुसता टुंई करी.
दांड्याच्या जागी अंगठ्याखाली
अधिकचं चिन्ह, काळं, कडक.
चौथ्या दिवशी फोड, दहाव्या दिवशी घट्टा.
दादा म्हणाला, ह्याच्यात ती मजा न्हाई.
असेल.
मी दांडा कधी धरलाच नव्हता.

डब्याला पोर्टं दोन.
पहिलं दादाचं, ते न ठरवता ठरलेलं.
दुसऱ्यात माझी वायर, तिचं 'वर' मेलेलं.
मामूनं खोलून बघितलं, आतलं रबर झिजलंय म्हणाला,
पेन्सिलीचं शिसं घासून दिलं.
दोन दिवस चाललं. परत गेलं.
खाली जाई, डावीकडं, उजवीकडं.
वर नाही.

खालच्या बाजूला खेळताना
नेटापर्यंत जाताच यायचं नाही.
मागच्या रेघेवर उभं राहून
उंच, उंच उडवत बसायचं,
समोरचा कंटाळेपर्यंत.
बाजू बदलली की उलटं.
तिथं 'खाली' म्हणजेच नेट.
पुढं जायला मुभा, माघारी नाही.
एकदा गेलं की गुण संपेस्तोवर तिथंच,
डोक्यावरनं गेलेला चेंडू बघत.
म्हणून मी पाय मोजून टाकायला शिकले.
बाबा वखारीतनं यायचे,
सदऱ्याला तंबाखूचा ठसका,
दारातच विचारायचे, कोण जिंकालंय?
दादा म्हणायचा, हिचं बटण खराब हाय ओ.
हे उत्तर झालं का, कुणी विचारलं नाही.

मे महिन्यात बसलिंग घरी आला.
दादानं त्याला माझी वायर दिली, मला स्वतःची,
पाव्हण्याची जिरवायला.
पहिल्या पोर्टात मी पहिल्यांदा.
पाच-चार झाले तरी मागच्या रेघेवरच.
उंच. उंच. उंच.
बसलिंग शिव्या घालत होता, दोन भाषांत.
दादा कॉटवरनं ओरडला,
पद्मल, अगं पुढं जा की!
तेव्हा आठवलं,
ह्याला 'वर' आहे.

दाबलं.
ती छोटी बाई, आठ-दहा ठिपक्यांची,
एवढ्या सरसर पळाली की मीच दचकले.
चेंडू जाळ्यात.
पंच टुंई. बसलिंग हसला.

मी मात्र पुढची सर्व्हिस पडायच्या आत
अंगठा खाली सरकवून बघितला.
ती माघारी आली.
परत वर. गेली.
परत खाली.
काय करालीस, दादानं विचारलं.
काही नाही, म्हटलं,
आणि आणखी एकदा
तिला उगीचच नेटापर्यंत नेऊन आणलं.