विनंती क्रमांक

बॅलार्ड इस्टेट, दुसरा मजला.
खिडकीतून गोदीची अर्धी क्रेन दिसते,
उरलेली अर्धी समोरच्या बँकेच्या गच्चीनं खाल्ली.
माल कुणाचाही असो, कागद आमचे:
पांढरा कस्टमला, गुलाबी पार्टीला,
पिवळा आपल्या फायलीला. मधे कार्बन.

म्हणून तो डॉट मॅट्रिक्स अजून टिकून आहे.
लेझरवाले येऊन हसून गेले.
लेझर काय, वरच्या वर रंगवून जातो;
इथं ठोकावं लागतं,
तिसऱ्या कागदाला कळेल इतकं.

तळपदेबाईंनी शिकवलं, पहिल्याच सोमवारी.
काळा पडदा, डाव्या कोपऱ्यात
लुकलुकणारी एक काडी.
"माउसला हात लावू नकोस.
एलपी. मग मोकळी जागा.
आडवी रेघ, डी. पुन्हा मोकळी जागा.
मग यंत्राचं नाव, मग फायलीचं.
मोकळी जागा विसरलास तर तो तुला ओळखही देणार नाही."
बाजूला रद्द झालेल्या बिलावर
कोलंबीच्या भानोल्याचा तुकडा, माझ्या वाटणीचा.

एंटर मारला.
पडद्यानं उत्तर दिलं: रिक्वेस्ट आयडी इज, आणि एक आकडा.
म्हटलं, बाई, हुकूम आपण सोडतो
आणि हा त्याला विनंती म्हणतो?
बाई चष्म्यावरून बघत म्हणाल्या,
"हपिसात नवीन आहेस."

बाई निवृत्त झाल्या. नारळ, शाल, भिंतीवरचं घड्याळ.
बोरिवलीला भावाकडे राहायला गेल्या.
त्यांची वही माझ्या खणात राहिली:
रांग कशी बघायची,
अडकलेलं कसं सोडवायचं,
चुकून दोनशे प्रती गेल्या तर काय
(वहीत इथं नुसतं: आधी वायर काढ).

गेल्या गुरुवारी धनबूरा शेठ म्हणाले,
नवीन मशीन येतंय, जुनं पुसून टाक.
पुसण्याआधी सवयीनं रांग बघितली.
मोकळी असणार, म्हणून बघितली.

एक ओळ होती.
क्रमांक एकेचाळीस. तळपदे. एक हजार चोवीस बाइट.
तारीख अकरा वर्षांपूर्वीची, ऑगस्टातली.
अडकलेली नव्हे, थांबवलेली.
थांबवायला वेगळं लिहावं लागतं,
ते आपोआप होत नाही.

अकरा वर्षं
त्या एकेचाळीसला वळसा घालून
किती जहाजांचे कागद पुढे गेले,
चवळीचे, बेअरिंगचे, प्लास्टिकच्या फुलांचे.

बघू नये असं वाटलं.
वहीतलं चौदावं पान काढून
बोटं मात्र टाइप करत गेली.
प्रिंटर आधी नुसता कण्हला,
मग खडखडत सहा ओळी, आणि गप्प.

पांढरा कागद कोराच.
रिबन सुकून महिना झालाय,
मुसाफिरखान्यातलं शेवटचं दुकानही आता मोबाइलची कव्हरं विकतं.
कोरा म्हणजे नुसते खळगे,
उजेडाला तिरपा धरला की हलणारे.
गुलाबी उचलला. त्यावर होतं.
दोन दिवसांच्या रजेची विनंती.
इंग्रजी साधं, स्वल्पविराम जागच्या जागी.
कारण, मग दोन ठिपके,
आणि पुढं काही नाही.
खाली नाव, त्याआधी "आपली विश्वासू".

त्या ऑगस्टचं हजेरीपुस्तक
माळ्यावर असेल. मी चढलो नाही.
फोन केला. मागं कुकर,
कुणाची तरी शिकवणी, सतराचा पाढा.
सगळं सांगितलं, कारणापाशी आलो आणि अडखळलो.
बाई बराच वेळ काही बोलल्या नाहीत.
पाढा सतरा नव्वेपर्यंत गेला.

मग म्हणाल्या, "रिबन नव्हती ना?
म्हणजे गुलाबीवर उमटलं असणार."
हो, म्हटलं.
"बघ हं,
चुकून पार्टीला जाऊ देऊ नकोस."