सव्वा मीटर

गटार सव्वा मीटर खोल जाणार.
म्हणजे आमच्या हिशेबात
डांबर, खडी, मुरूम, इंग्रजांच्या वेळची नगरपालिका
आणि त्याखाली जे असेल ते.

चार दिवस मिळालेत. शुक्रवारी जेसीबी.
तांबट आळीच्या तोंडाशी दोन बाय एकचा खड्डा,
चार खुंट्या, सुतळी, आणि पाटीवर खडूने
तारीख लिहिणारी मी,
जिला आळीतले सगळे
पाणीपट्टीवाल्या मॅडम समजतात.

"सोनं लागलं का?"
पानटपरीवरून दर अर्ध्या तासाला.
"हंडा लागला तर हंडा आमचा, मोहरा तुमच्या,"
हातोडी न थांबवता गजाभाऊ तांबट.

पहिल्या दिवशी लागली
गुटख्याची पुडी, सोडा बाटलीची गोटी,
शिशाची एक नळी, जी अजून जिवंत निघाली
आणि तीन घरांचं पाणी गेलं.
दुसऱ्या दिवशी राख. नुसती राख.
हिरव्या काचेची अर्धी बांगडी.
मी तिला वेगळ्या पिशवीत घातलं
आणि पिशवीवर लिहायला काहीच सुचेना.

तिसऱ्या दिवशी मंगळी भोयेची खुरपी थांबली.
सुरगाण्याची मंगळी, रोजावर आलेली,
माती चाळता चाळता सगळ्यांच्या आधी ऐकते.
"बाई, इथली माती गप्प झाली."

भाजल्या मातीचं कडं.
त्याखाली दुसरं. त्याखाली तिसरं,
भाकरीच्या चळतीसारखी एकावर एक.
आत काळी, चिकट, अजून ओलसर माती.

मी वहीत लिहीत होते: कड्यांची विहीर, काळ अंदाजे
मंगळीनं चिमूटभर हुंगली.
"विहीर कशाची? सांडपाण्याचं हाय हे.
वास गेलाय फक्त."

मग मला दिसलं ते.
तिसरं कडं दोन बोटं लहान,
फटीत कोंबलेल्या खापरांच्या कपच्या.
म्हणजे ठेकेदार तेव्हाही होता.
म्हणजे कुणीतरी तेव्हाही दारात उभं राहून
कमरेवर हात ठेवून म्हणालं असणार:
तुमचं पाणी आमच्या ओट्यापाशी का येतं?

उपअभियंता खैरनार फोनवर समजावत होते.
"मॅडम, पुरातत्त्व म्हणजे मूर्ती, नाणी,
गेला बाजार एखादा शिलालेख.
गटाराखाली गटार निघालं
तर मी वर कळवू काय?"
"हेच कळवा," म्हटलं.
बराच वेळ फोनमध्ये फक्त
त्यांच्या कचेरीतला पंखा ऐकू येत होता.

फॉर्मवर एक रकाना असतो,
'अवशेषांचे महत्त्व'. ओळी तीन.
मी पहिली लिहून खोडली.
दुसरीवर गजाभाऊंनी पाठवलेल्या चहाचा डाग पडला.
तिसरीवर लिहिलं: वापरात होते.

कड्यांत चाळलेली वाळू भरली,
वर कापड, वर माती.
मंगळी चार दिवसांचा रोज घेऊन
नागलीच्या लावणीला गेली. सही घ्यायची राहिली.

आता गटार झालंय,
आळीच्या तोंडाशी साठ सेंटीमीटर वाकडं.
पैसे खाल्ले, म्हणतात लोक,
सरळ रेघ मारता येत नाही मेल्यांना.
मी काही बोलत नाही.

सफाईवाल्याचा बांबू
त्या वळणावर हमखास अडतो.
तो वाकतो, पुन्हा खुपसतो, मग मनापासून
एक ठेवणीतली शिवी हासडतो.
खाली किती खोल जाते ती, ठाऊक नाही.
गेलीच, तर भाषांतर लागणार नाही.