वेगळी पेटी

तौफिक मुजावर मिरजेहून आला, हेल्मेट काखेत.
टेबलावरचे बेदाण्याचे नमुने बाजूला सारून
लॅपटॉप उघडला, म्हणाला,
वहिनी, तुमचा पत्ता कसा करू?
नुसता फॉरवर्ड, की स्वतंत्र मेलबॉक्स?

फॉरवर्ड फुकट.
पुढं पद्मजा, मागं कंपनीचं नाव.
कोचीचा व्यापारी लिहिणार मला
आणि पत्र उतरणार मामंजींच्या मेलमध्ये,
तिथल्या चारशे न वाचलेल्यांत.
आणि उत्तर?
उत्तर त्यांच्याच पत्त्यावरून जाणार, वहिनी.
स्वतंत्राला महिन्याला सव्वाशे.

मामंजी कोल्ड स्टोरेजच्या दारात,
मे महिन्यात अंगात स्वेटर:
"वेगळं कशाला पायजे? घरातलीच हाय की."

वेगळं.
आमच्याकडं हा शब्द चुलीजवळचा.
धाकटे दीर वेगळे निघाले
तेव्हा पितळी झाकण्यासुद्धा मोजल्या होत्या.
तेव्हापासून या घरात
बिनसाखरेचा चहाही कुणी वेगळा मागत नाही.

लग्नानंतर वर्षभर माझी पत्रं विट्यालाच यायची.
अण्णा पट्टी लावून, लाल शाईनं
जुना पत्ता खोडायचे,
शेजारी लिहायचे: मु. पो. तासगाव, द्वारा,
आणि द्वारापुढं मामंजींचं नाव.
जिल्हा परिषदेचं मुलाखतीचं बोलावणं
असंच आलं, दोन गावांचे शिक्के घेऊन.
मला सापडलं ते
बिलांच्या तारेला टोचलेलं,
वीजबिल आणि हमालीच्या मधे,
मुलाखत होऊन नऊ दिवस झाल्यावर.
कुणाची चूक नव्हती.
सगळ्यांनी पुढं पाठवलंच होतं.

तौफिकनं एक बेदाणा तोंडात टाकला.
"आंबट आहे हा लॉट."
सकाळपासून तिघांनी चाखला होता,
बोललं कुणी नव्हतं.

"स्वतंत्र कर," मी म्हटलं.
मला वाटला तेवढा आवाज
मोठा नसावा, पंख्याखाली कुणी वळून पाहिलं नाही.

पासवर्ड टाकायची वेळ आली
तसा तो भिंतीवरचं कॅलेंडर वाचू लागला,
अमावास्या, संकष्टी, मार्केट बंद.
एकवीस वर्षांत माझ्यासाठी
कुणी पहिल्यांदाच नजर बाजूला घेतली.
मी दोनदा चुकले. तिसऱ्यांदा जुळला.

आतून मामंजी: "वर्षाचं किती झालं?"
"दीड हजार."
"म्हंजे पाच किलो बेदाणा."
"चार," मी म्हटलं.
"चांगला असला तर."