पुठ्ठा

रात्री गाडीखाली पुठ्ठा सरकवून ठेवायचा,
गळती शोधायची ही तात्यांची रीत.
कूलरच्या खोक्याचा पुठ्ठा, "ही बाजू वर" असं छापलेला.
सकाळी त्यावर काळ्या ठिपक्यांचा अख्खा तालुका
आणि गेटशी दुसाने काकू,
नव्या फरशीकडे बघत, काही न बोलता.

मी विटा रचायला घेतल्या.
"विटांवर गाडी? आधी विम्याचे कागद दाखव."
मग माळ्यावरून त्यांचे बाभळीचे ठोकळे काढले.
गुडघ्यांनी दगा दिल्यापासून तात्या
प्लास्टिकच्या खुर्चीतून गाडी दुरुस्त करतात.
हात माझे.

खालून सातपूर म्हणजे
तात्यांच्या चपला, एक मांजर,
कंपनीचा भोंगा
आणि नाकापासून दोन वितींवर
ओम्नीचं तेलकट पोट.

प्लग सुटला. तेल मनगटावरून थेट कोपरापर्यंत, कोमट.
"कॅनमध्ये धर. नासर्डीला आधीच पुष्कळ पाजलंय लोकांनी."
मग दहाचा पाना, एकेक बोल्ट, डब्याच्या झाकणात.
पॅन हातात आला तर काठ भोकाभोकाशी फुगलेला,
जळक्या पापडासारखा.
"एवढं कोणी आवळलंय हे?"
वर शांतता. खुर्ची करकरली.
"मीच. गळलं की आवळायचो.
पुन्हा गळायचं. पुन्हा आवळायचो."

ठोकळ्यावर ठेवून काठ ठोकून सरळ केला.
आणि तेव्हा दिसलं,
बाहेर आलेल्या जुन्या करड्या सिलिकॉनमध्ये
एक बोट उमटलेलं. लहान. रेषा न् रेषा.

नऊ वर्षांची होते मी.
पॅन दोन्ही हातांनी वर दाबून धरलेला,
तात्या म्हणत होते, हलू नकोस,
आणि माझं नाक खाजत होतं.

"काय गं, थांबलीस का?"
"काही नाही. जुनं सिलिकॉन आहे."
"सगळं काढ. कणभर राहिलं तरी तिथूनच गळतं."
ब्लेड आडवं धरलं.
ते सालीसारखं निघालं, गुंडाळत गुंडाळत,
मी पेट्रोलच्या फडक्याने पुसून घेतलं.

द्वारकेहून आणलेलं नवं गॅस्केट. बोल्ट आधी नुसते बोटांनी,
मग समोरासमोरचे, मग चहा, मग अर्धा फेरा.
"बास."
"अजून थोडं?"
"बास म्हटलं ना."
हे तात्या म्हणाले. तात्या!

रात्री नवा पुठ्ठा.
सकाळी पुढचा भाग कोरा करकरीत,
मागच्या अंगाला मात्र एकच थेंब,
काळा नाही, मधासारखा.
तात्यांनी तो बोटावर घेतला, चोळला, नाकाशी नेला.
गंधकाचा वास.
"हे इंजिनाचं नाही," ते म्हणाले,
चेहरा असा, जणू दहावीचा निकाल लागलाय.
"गिअरबॉक्स!"

मग हळूच, काकूंच्या गेटकडे एक नजर टाकून,
"ठोकळे माळ्यावर नको टाकूस."