रबरी बूच

सिन्नर फाट्यापासून डोकं धरायचं,
द्वारकेला कानशिलं ठणकायची,
आणि मुंबई नाक्याच्या सिग्नलला
आमचं भांडण.

रोज. विषय तेवढा बदलायचा.
सिलिंडरचा नंबर, त्याच्या बहिणीचा न उचललेला फोन,
मी काच खाली का करते, तो वर का करतो.
पाळणाघरातून उचललेली कस्तुरी
पळशाच्या पुढे मागच्या सीटवर कलंडायची
तोंड उघडं टाकून.
बरं झालं, झोपली, आम्ही म्हणायचो,
आणि आवाज चढवायचो.

चष्म्याचा नंबर तपासला, तोच निघाला.
शरणपूर रोडच्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं,
घरी सगळं ठीक ना?
म्हटलं, घरी ठीक आहे. गाडीत नाही.
त्या हसल्या. मीही हसले
आणि दोनशे रुपये देऊन बाहेर आले.

वडाळा नाक्याजवळ पुंजाराम गांगुर्ड्यांचं गॅरेज.
गेलो होतो ब्रेक घासतात म्हणून.
ते गाडीत बसले, नाक वर केलं, उतरले.
गाडीकडे नाही, आमच्याकडे पाहून विचारलं,
"पोरगी झोपते का हिच्यात?"
झोपते ना.
"उठवायला जड जाते?"

श्रीरंगनं माझ्याकडे पाहिलं.
बऱ्याच दिवसांनी.

"वास येतो त्याचं भ्या नाही, ताई.
मारणारा जो असतो
त्याला वासच नसतो."

मग इंजिन चालू ठेवून
सायलेन्सरच्या तोंडावर ओलं फडकं दाबलं.
गाडीच्या पोटाखाली कुठंतरी
फुस्स, फुस्स,
दम लागलेल्या माणसासारखं.
मधल्या पाइपच्या जोडावर काजळी धरलेली,
देवळीत दिव्याच्या वर धरते तशी.
"हा झाला एक. पण हा बाहेर फुंकतोय.
आत कुठून घेतेय ते बघू."
हाताखालचा पोरगा जेवायला गेलेला.
इंजिन बंद केलं. म्हणाले, कोणीतरी डिकीत बसा,
मी खालून बॅटरी मारतो.

श्रीरंगची पाठ धरलेली.
मी बसले.

झाकण लागलं. अंधार.
गुडघे हनुवटीला, आणि अजून, इतक्या महिन्यांनी,
आंबलेल्या द्राक्षांचा वास.
बॅटरी खालून फिरत होती,
झाकणाच्या रबराशी एक बारीक उजेडाची रेघ,
मग काहीच नाही,
मग स्टेपनीच्या बाजूला मॅट सरकवली तर
आठ आण्याएवढा गोल उजेड,
स्वच्छ, कडेनं जराही न फाटलेला.

ओळखलं मी त्याला.
मार्चमध्ये ओझरहून आणलेला क्रेट फुटला,
रस सगळा डिकीत. तीन बादल्या पाणी ओतलं
आणि ते जावं म्हणून तळाचं रबरी बूच काढलं.
मीच.
ते सुईदोऱ्याच्या डब्यात आहे,
तुटलेल्या बटणांबरोबर, नंतर लावू म्हणून.

"दिसतंय का काही?" बाहेरून श्रीरंग.
झाकणावर दोनदा टकटक.
मी त्या भोकावर बोट ठेवलं. काढलं. ठेवलं.
आठ महिने. रोज पस्तीस किलोमीटर.
"अगं, दिसतंय का?"

दिसतंय, म्हटलं.

पाइपला वेल्डिंग, जोडाला नवं गॅस्केट,
डिकीला नवीन बीडिंग, आणि वीस रुपयांचं बूच.
"हे कुणी काढलं असेल?" श्रीरंगनं विचारलं.
गांगुर्डे हात पुसत होते. माझ्या बोटावरची काजळी
त्यांना दिसली असावी.
"निघतं," ते म्हणाले. "रस्ते कसलेत, बघताय ना."

सोमवारी कस्तुरी झोपली नाही.
पळसं, सिन्नर फाटा, बिटको,
ट्रकच्या मागचं सगळं वाचून घेतलं माझ्याकडून.
मुंबई नाक्याला लाल आकडे उलटे मोजत होते,
अठ्ठ्याऐंशी, सत्याऐंशी.
डोकं स्वच्छ. श्रीरंगनं तोंड उघडलं,
काय म्हणायचं होतं ते आठवेना, मिटलं.
मग म्हणाला,
"सिलिंडरचा नंबर लावलास?"
नाही लावला.
"बरं."

एवढंच. सत्तर, एकोणसत्तर.

सांगेन त्याला.
कस्तुरी शाळेत असताना,
काच खाली करून.