सव्वानऊची फेरी

परिपत्रक आलं शुक्रवारी, जेवणाच्या सुट्टीत,
आणि डब्यातल्या सुंगटांच्या हुमणापेक्षा
त्याचाच वास खात्यात जास्त पसरला.
आठ ते साडेदहा, केव्हाही या.
आठ तास भरा. मंगळवार, गुरुवार घरून,
खातेप्रमुखांच्या मर्जीने.
शेवटची ओळ शेट्येबाबांनी दोनदा वाचली.
मर्जी या शब्दावर थांबून चष्मा पुसला.

मी दिवाडीची.
एकवीस वर्षं सव्वानऊची फेरीबोट हेच माझं घड्याळ.
ती चुकली की मस्टरवर लाल शाई,
मग मशीन आलं, तरी लालच,
फक्त आता अंगठ्याखाली पेटणारं.
त्या अंगठ्यावर रेषा उरल्या नाहीत.
काही भांड्यांनी नेल्या, काही नारळाच्या सोडणांनी,
काही सर्व्हे प्लॅनवर मारलेल्या शिक्क्यांनी.
मशीन म्हणायचं, पुन्हा प्रयत्न करा.
मी करायचे.

पहिल्या मंगळवारी
लॅपटॉप शिलाईमशीनवर ठेवला,
रेंज तिथेच येते म्हणून,
आणि पाय आपोआप पायट्यावर गेले.
दुपारपर्यंत मोजणीचे अकरा अर्ज हातावेगळे.
बाबांच्या गोळ्या वेळेवर,
त्यांची थरथरती कपबशी
सांडायच्या आधीच माझ्या हातात.
एवढं सोपं होतं?
मग एवढी वर्षं आपण काय करत होतो,
मी आणि सरकार?

गुरुवारी साडेदहाला
बलकांवावर कायतान मिनेझिस.
"सरकार घरा आसा?"
हातात पिशवी, पिशवीत पोर्तुगीज काळातली पावती,
वाळवीने कडेकडेने नक्षी काढलेली.
म्हटलं, इरमांव, ऑफिस पणजीला.
म्हणाला, "तूं हांगा, म्हणजे ऑफिस हांगा."
त्याच्यामागून इश्पेरांस, रेशनकार्डावरची नावातली चूक घेऊन.
तिच्यामागून वेर्लेकरांचा धाकटा, उत्पन्नाच्या दाखल्यासाठी,
जो आमचं खातं देतच नाही.
रांग तुळशीपाशी वळली.
मी सगळ्यांना कोकमाचं सरबत दिलं
आणि कुणाचंच काम केलं नाही.
कायतानचं तेवढं केलं.

नवरा बोटीवर, नऊ महिन्यांच्या करारावर.
तिकडची रात्र सरताना फोनवर दिसतो,
मागे टॉवेलांचे घडी घालून केलेले हंस.
"घरून काम?" तो हसला.
मग बराच वेळ नुसता बघत राहिला
माझ्या खांद्यावरून,
खुंटीवरच्या स्वतःच्या शर्टाकडे.

बुधवारी खिडकी क्रमांक चार.
सत्तरीतली बाई, दोन बस बदलून आलेली.
काल आले होते, म्हणाली, पडदा होता.
तक्रार नव्हती तिच्या आवाजात,
ऊन कालही होतं म्हणावं तसं म्हणाली.
मी तिचा प्लॅन शोधला, झेरॉक्सचे पैसे घेतले नाहीत,
शिक्का जरा जास्तच जोरात मारला.
काल मी घरी काय करत होते, ते मनात मोजलं.
काम करत होते. खरंच करत होते.
ते तिला सांगून काय होणार होतं?

आणि उल्हास, फेरीबोटीवरचा,
साखळी ओढून रॅम्प उचलणारा,
माझ्याइतकाच सरकारी,
परवा दोरखंड गुंडाळता गुंडाळता म्हणाला,
"परिपत्रक आमकांय आयलां, बाय.
पण नदी घरी कशी न्यायची?"
मी हसले. तोही हसला. धक्का आला.

आता मंगळवारी सकाळी
बाबा पेपर उलटा धरून वाचतात,
मी पासवर्ड घालते, चुकतो, पुन्हा घालते.
सव्वानऊला खाडीवरून भोंगा येतो,
एक लांब, मग जरा थांबून एक आखूड.
आखूड पूर्वी नव्हता.
मशीनच्या लाकडी फळीवर
माझा उजवा अंगठा
किंचित उचलला जातो.